डाव्या डोळ्याचं पाणी

चार वर्षं माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि चार वर्षं लोक मला विचारत होते, काय झालं. काही झालेलं नव्हतं. इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. रुपराव, म्हणजे माझा नवरा, गल्ल्यावर बसायचा आणि मी कोपऱ्यात मशीन घेऊन भांड्यांवर नावं टाकायचे. लग्नाची कळशी, वास्तूचा डबा, रिटायर होणाऱ्या मास्तरांचा तांब्या, अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट. मशीनची सुई स्टीलवर टरटर चालते, बारीक कीस उडतो, त्यानेच डोळा गळतो असं मी धरून चालले होते. समोर नवरी मुलगी उभी असायची, तिच्या नावाला काना देता देता माझ्या गालावरून धार लागायची आणि तिची आई गहिवरायची. एका बाईने तर मला जवळ घेतलं. मी तिला म्हटलं, बाई, तुमच्या पोरीला मी ओळखतसुद्धा नाही.

शेवटी रुपरावानेच मला धरमपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे धम्मदीप नावाचा एक तंत्रज्ञ होता, चाळिशीचा, शांत, प्रत्येक पेशंटला तोच प्रश्न तितक्याच आस्थेने विचारणारा. त्याने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातलं बारीक छिद्र शोधलं, त्यात बोथट सुई घातली आणि मिठाचं पाणी हळूच आत सोडलं.

"काकू, घशात खारट लागलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही रे बाबा. गळ्यावरून ब्लाउजमध्ये चाललं ते."

खरंच, आत सोडलेलं पाणी वरच्या छिद्रातून तसंच परत येत होतं. धम्मदीप म्हणाला, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला प्रत्येकाला एक नळी असते, तुमची खालून बंद झाली आहे. "टाकी भरली, खालचा पाइप जाम. मंग ओव्हरफ्लो होईल नाही तर काय?" लहान बाळाची नळी मालिश करून उघडते, मोठ्या माणसाची औषधाने उघडत नाही. डॉक्टर मॅडमनीही तेच सांगितलं. नाकाच्या बाजूचं थोडं हाड काढून पाण्याला नवी वाट करून द्यावी लागते. मी म्हटलं, लग्नसराई होऊ द्या. लग्नसराई झाली, मग गणपती आले, मग दिवाळी. दीड वर्ष गेलं. एकदा कोपरा सुजून लाल झाला, दाबला तर पू आला, तेव्हा गोळ्या खाल्ल्या आणि पुन्हा मशीनवर बसले.

मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. भागरताबाई त्यांचं नाव, वय शहाऐंशी, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. खोटं कशाला सांगू, मला दुःख झालं नाही. बत्तीस वर्षांत त्या बाईने माझ्या हातच्या वरणाला एकदा बरं म्हटलं नाही. पण एकुलती सून मी, तेव्हा दुसऱ्या दिवशी आंगणात त्यांना आंघोळ घालताना तोंड धुवायचं काम माझ्याकडे आलं.

शेजारच्या शोभाताई म्हणजे आमच्या गल्लीतल्या मयतींच्या मुकादम. कुठे कोणी गेलं की त्या पदर खोचून हजर. त्यांचा एक नियम पक्का, आणि तो आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतो. मयताच्या अंगावर आसू पडू द्यायचा नाही. पडला तर जीव तिथेच अडकतो, त्याला जाता येत नाही. म्हणून रडणाऱ्या बाईला मागे ओढतात, तोंड वर कर म्हणतात, पदर डोळ्यांवर दाबून धरतात. मला कोणी ओढलं नाही, कारण मी रडतच नव्हते. माझा एक हात सासूबाईंच्या हनुवटीखाली होता, दुसऱ्यात तांब्या. डोळा पुसायला तिसरा हात नव्हता. मी वाकले आणि थेंब पडला, बरोबर त्यांच्या डाव्या डोळ्याखाली, गालावर.

शोभाताई तेव्हा पायावर पाणी टाकत होत्या. कोणीच पाहिलं नाही. मी सांगायला हवं होतं. त्यांना त्याच्यावर काहीतरी माहीत असेल, हळदीचं पाणी, एखादा मंत्र, काहीतरी. पण मी सांगितलं असतं तर साऱ्या बायका म्हणाल्या असत्या, किती जीव होता हो सुनेचा. ते मला सहन झालं नसतं. मी ओल्या फडक्याने तो ओला गाल पुसला आणि गप्प राहिले.

तीन वाजता तिरडी उचलली. दहाव्याला कावळा पहिल्याच झपाट्यात शिवला. तेरवी झाली, त्यांची चप्पल आणि कापडी पिशवी एका म्हातारीला देऊन टाकली. सगळं रीतसर झालं.

पंधराव्या दिवशी दुपारी मी मागच्या आंगणात कपडे काढायला गेले तर नळाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. नेसूचं लुगडं तेच, आम्ही शेवटचं नेसवलेलं. त्या पदराने डाव्या डोळ्याखालचा गाल पुसत होत्या. पुसायच्या, पदर पाहायच्या, पदर कोरडा असायचा. पुन्हा पुसायच्या. गालावर मात्र एक ओला ठिपका तसाच होता, आत्ताच पडल्यासारखा.

तीन वाजले तशा त्या उठल्या. पायात चप्पल, हातात पिशवी, जी आम्ही देऊन टाकली होती तीच. माझ्या अगदी जवळून मधल्या खोलीत गेल्या आणि बोळात उघडणाऱ्या दारापाशी पोचल्या. उंबऱ्यापलीकडे टाकायला पाऊल उचललं. ते पाऊल तसंच वर राहिलं, थरथरत. पुढे जाईना. मग त्यांनी पाऊल मागे घेतलं, गाल पुसला, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. माझ्या हातातले कपडे कधी खाली पडले मला कळलं नाही.

आठ दिवस मी कोणाला बोलले नाही. माझंच डोकं फिरलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण नवव्या दिवशी रुपराव उशिरा जेवायला आला. तो ताटावर बसलेला असताना तीन वाजले आणि त्याचा घास हातातच राहिला.

"सिंधू," तो म्हणाला, "माय दारात उभी आहे वं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही. ताट सरकवून म्हणाला, "रोज?" मी म्हटलं, रोज. "रोज जाऊन पाह्यते अन् रोज वापस येते?" मी मान हलवली. तो हात धुवायलासुद्धा उठला नाही.

सोनिका, आमची मुलगी, कळमेश्वरला असते. जावई मोहित तिथल्या कारखान्यात आहे. संक्रांतीला दोघं आली. सोनिका नेमकी त्याच खुर्चीत जाऊन बसली. सासूबाईही तिथेच बसलेल्या. मला दोघी एकात एक दिसत होत्या. सोनिकाला काहीच दिसलं नाही. ती फक्त गालाला हात लावून म्हणाली, "आई, इथं वरून पाणी टपकून राहिलं का वं? गाल ओला लागून राहिला." मी तिला दंड धरून उठवलं आणि आत नेलं.

फेब्रुवारीत रुपरावाचे डोळे पिवळे झाले. आम्ही कावीळ समजलो. फोटो काढले, तपासण्या झाल्या, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं की लिव्हरमध्ये गाठ आहे, कापण्यासारखी राहिलेली नाही, तीन महिने, फार तर चार. त्याची खाट मी मधल्या खोलीत टाकली. तिथे कूलरची हवा चांगली लागते. पण तिथून बोळाचं दारही समोर दिसतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. रोज तीन वाजता तो उशीवरून मान वळवून आईला पाहायचा. ती गेली की भिंतीकडे तोंड करायचा.

एक दिवस म्हणाला, "सिंधू, तू तो डोळा दुरुस्त करून घे."

"आता? तुमचं सोडून माह्यं?"

"माह्यासाठीच सांगून राहिलो. मले तिच्यासारखं दारात उभं राहाचं नाही. दुखण्याचं मले काही वाटत नाही. मेलो का दुखणं खतम. पण हे खतमच नाही होत वं." त्याला धाप लागली. "मी गेलो का तू माह्याजवळ येशील. एक थेंब पडला का झालं."

"मी दूर उभी राहीन."

"तू?" तो हसला. "तू जिंदगीत कधी दूर उभी राह्यली का?"

त्याने माझा हात धरला आणि मला वचन मागितलं. मी दिलं. देताना मनात काय होतं तेही सांगते. मला तो जायला नको होता. सासूबाईंना पाहिल्यापासून एक विचार माझ्या मनात येऊन बसला होता आणि त्याची मला लाज वाटत होती. थेंब पडला तर माणूस राहतो. बोलत नाही, जेवत नाही, पण राहतो. हा विचार मी बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी चितार ओळीच्या स्टेशनवरून मेट्रो धरून दवाखान्यात तारीख घ्यायला गेले.

धम्मदीपने पुन्हा सुई घालून पाहिली. पाणी पुन्हा गालावर. मी त्याला विचारलं, "ऑपरेशन झालं का आसू येणार नाही ना मग?"

"आसू बनणं थोडीच थांबते काकू. त्याले वाट भेटते. गालावरून उतरायच्या जागी आतून उतरते."

"अन् खूप रडलं तर?"

"खूप रडलं तर कोनाचाही डोळा वाह्यते. माह्याही वाह्यते." मग माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "काहून? घरी काही आहे का?" मी म्हटलं, लग्न आहे. का म्हटलं, कोण जाणे.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, पण पूर्ण झोप लागली नाही. नाकाच्या बाजूला बधिर केलेलं, दुखत काही नव्हतं. तरी हाडाचा आवाज मला आतून ऐकू येत होता, कुरकुर, कुरकुर, कोणीतरी माझ्या डोक्यात बसून खारीक फोडत असल्यासारखा. मॅडम मधूनच म्हणायच्या, झालं हं, आता आसवांची पिशवी उघडली, आता नळी घालते. धाग्याएवढी बारीक सिलिकॉनची नळी, नव्या वाटेचं तोंड मिटू नये म्हणून. दोन दिवस नाकातून रक्त येईल, डोकं उंच ठेवून झोपा, नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. मी सगळ्याला हो म्हटलं.

घरी आले तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी होती. संध्याकाळी आंगणात हातपाय धुवायला गेले तशा सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांची वेळ नव्हती ती. माझ्यापाशी आल्या, वाकून पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांचा हात वर आला. पट्टीपासून बोटभर अंतरावर थांबला. पट्टीखाली डोळ्याला थंडगार लागलं. मी म्हटलं, "आत्याबाई, माफ करा." त्यांच्या कानापर्यंत ते गेलं की नाही कळलं नाही. त्या गाल पुसत परत जाऊन बसल्या.

सहा आठवड्यांनी नळी काढली. धम्मदीपने मिठाचं पाणी सोडलं.

"काकू, घशात खारट..."

"लागलं!" मी ओरडलेच. बाहेरचे पेशंट पाहू लागले. गाल कोरडा होता. धम्मदीपला माझ्याहून जास्त आनंद झाला.

रुपराव तोवर हाडांचा सापळा झाला होता. मी सांगितलं तर म्हणाला, "दाखव." टॉर्च लावून डोळा पाहिला. मग म्हणाला, "असं नाही. पुरी तालीम करू." आणि तो खाटेवर सरळ झोपला, हात बाजूला, पाय जुळवून, डोळे मिटून. मला वाकायला सांगितलं. मी त्याच्या चेहऱ्यावर वाकले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, औषधाच्या वासाचा. माझी कंबर भरून आली. इतक्या जवळून मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता. मला रडू येत होतं आणि ते आतल्या आत घशात उतरत होतं, खारट, एकेक घोट. अर्ध्या तासाने त्याने डोळे उघडले, स्वतःचे गाल चाचपले आणि म्हणाला, "पास." मी मान वर केली तर आंगणाच्या दारात सासूबाई उभ्या होत्या आणि आम्हा दोघांना पाहत होत्या.

आम्हाला आशा होती की डोळा बरा झाला तर त्याही सुटतील. तसं काही झालं नाही. तीन वाजता त्या दाराशी गेल्या आणि परत आल्या. तो थेंब तर कधीचाच पडून गेला होता. माझी नळी उघडून तो मागे थोडाच येणार होता.

मेच्या शेवटी, नवतप्याचे नऊ कडक उन्हाचे दिवस सुरू असताना, सकाळी साडेसहाला रुपराव गेला. शेवटी फक्त मला म्हणाला, "दूर."

भर दुपार व्हायच्या आत न्यायचं ठरलं. सोनिका आणि मोहित तासाभरात पोचले. आंगणात हिरव्या जाळीखाली पाट मांडला. शोभाताईंनी मला विचारलं, येतेस का तोंड धुवायला. मी म्हटलं, नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, सात-आठ पावलं दूर. नवऱ्याला परक्या बायांच्या हातून धुतलं जाताना पाहिलं. कोणी कुजबुजलं, पाह्य, एक आसू नाही बाईच्या डोळ्यात. मी पदराचा बोळा दोन्ही डोळ्यांवर दाबायची, काढायची, वर जाळीकडे पाहायची आणि गिळायची. किती गिळलं त्याला हिशोब नाही. धावत जाऊन त्याला मिठी मारावी असं माझ्या अंगातली नस न् नस म्हणत होती. पण मी वचन दिलं होतं. त्याला मोकळं जायचं होतं आणि मी त्याला मोकळं जाऊ देणार होते.

तेव्हा खुर्ची सरकल्यासारखं झालं आणि सासूबाई उठल्या.

बायकांच्या घोळक्यातून त्या सरळ पाटाच्या उशाशी गेल्या. त्यांचा हात गालाकडे गेला नाही. इतके महिने जो हात गाल पुसण्यावाचून राहिला नव्हता तो आणि दुसरा, दोन्ही हात त्यांनी पोराच्या तोंडाला लावले. त्या वाकल्या. मला कळलं. मी ओरडणार होते, पण तोवर तो ठिपका त्यांच्या गालावरून घरंगळला, हनुवटीवर लोंबला, आणि रुपरावाच्या डाव्या डोळ्याखाली पडला.

"अवं आसू पडला!" शोभाताई ओरडल्या. "सिंधू, मागं हो!"

"आई इथं नाहीच आहे," सोनिका म्हणाली. "आई तिकडं उभी आहे भिंतीले."

"मग कोनाचा पडला?"

प्रत्येकीने आपापला डोळा पुसला. शोभाताईंनी कोरड्या टॉवेलने तो गाल खसखसून पुसला आणि पुटपुटल्या, पाण्याचाच शिंतोडा असेल. मी सासूबाईंकडे पाहत होते. त्यांचा गाल कोरडा होता. त्यांनी बोटं लावून पाहिली, बोटं पाहिली, आणि मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं. असं होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या चेहऱ्यावर असा घाबरेपणा मी कधी पाहिला नव्हता. मग पायात चप्पल आली, हातात पिशवी आली. त्या मधल्या खोलीतून गेल्या, उंबऱ्यावर पाऊल उचललं आणि ते पलीकडे टेकलं. बोळात कोणाचा तरी टेम्पो रिकामा होत होता. त्याच्या बाजूने त्या गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी अजूनही सांगू शकले असते. तिरडी अजून आंगणातच होती, शोभाताई होत्या, चार शहाणी माणसं होती. दुसऱ्यांदा मी गप्प राहिले. या वेळी कारण वेगळं होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी वचन मोडलं नव्हतं, आणि तरी तो राहणार होता. साडेअकराला तिरडी उचलली तेव्हा मी रडले. बायका म्हणाल्या, चला, मोकळी झाली एकदाची.

तिसऱ्या दिवशी तो खाटेवर होता. मी दार लावून घेतलं आणि सकाळपासून त्याच्याशी बोलत राहिले. दुकानाचं सांगितलं, सोनिकाचं सांगितलं, कोण कोण आलं, कोण आलं नाही. तो उत्तर देत नव्हता, पण जिवंत होता तेव्हाही माझ्या बडबडीला कुठे देत होता. फक्त माझ्याकडे पाहायचा आणि गाल पुसायचा. त्याच्या मनातलं मला कळत होतं. मी खालची पापणी ओढून डोळा दाखवला. म्हटलं, "मी नाही. तुमच्या मायनं." तो खूप वेळ रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसला. मग त्याने दाराकडे तोंड केलं.

साडेअकराला तो उठला. शर्टाची बटणं लावली, चप्पल घातली, दाराशी गेला, पाऊल उचललं. ते पाऊल थरथरत वरच राहिलं.

माझा आनंद अकरा दिवस टिकला. रोज साडेअकराला मी ते पाहायची. मी टॉवेलने पुसून पाहिलं, कापसाने पाहिलं, पावडर लावून पाहिली. माझा हात ओलागार व्हायचा आणि त्याचा गाल तसाच. दाराशी त्याचा दंड धरून मी बाहेर ओढलं, तर माझ्या मुठीत नुसता गारवा आला आणि मीच उंबऱ्यापलीकडे आदळले. तो आतून माझ्याकडे पाहत राहिला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. बाराव्या दिवशी, बोळात बसल्या बसल्या, मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की टेम्पोवाला थांबला आणि काय झालं म्हणाला.

मग मी डोकं शांत ठेवून विचार केला. तो थेंब वाळत नाही. तो फक्त एका गालावरून दुसऱ्या गालावर जातो, आणि तो दुसरा गाल मेलेला लागतो. सोनिका त्या खुर्चीत बसली होती तेव्हा तिला काही चिकटलं नाही, ती जिवंत होती. या घरात आता मरायचं राहिलेलं माणूस एकच आहे.

आषाढात सोनिका आली. सकाळचे साडेअकरा होत आले होते. मी तिला समोर बसवलं.

"मी वारली का मले दवाखान्यातून सरळ घाटावर नको नेजो. घरी आणजो. याच आंगणात ठेवजो, साडेअकरा वाजेपर्यंत. अन् माह्या तोंडावर कापड नको टाकजो."

"काय बोलून राहिली वं आई! तुले काय धाड भरली? चांगली ठणठणीत आहे तू."

"अन् मले उचललं का घराले कुलूप लावजो. तेरवी कळमेश्वरले करजो. या घरात परत पाय नको ठेवजो, तू नाही, मोहित नाही. विकजोही नको कोणाले."

"काहून पण?"

मी दाराकडे पाहिलं. थेंब माझ्या गालावर आला की तो सुटेल. मला काय, मी बसेन त्या खुर्चीत. मला कुठे जायची घाई नाही, आणि बंद घरात कोणी मेलंच नाही तर थेंब तिथेच राहील. एवढं मी पक्कं करून ठेवलं होतं. दाराशी रुपराव उभा होता, बटणं लावलेली, एक पाऊल वर. त्याने सगळं ऐकलं. त्याने पाऊल खाली घेतलं, माझ्याकडे वळून मान हलवली, नाही. पुन्हा हलवली, जोरात, नाही. हात वर करून मला थांबायची खूण केली. बत्तीस वर्षं तो माझ्या प्रत्येक गोष्टीला असाच हात वर करत आला.

"तुम्ही चूप बसा," मी म्हटलं.

सोनिकाला वाटलं मी तिलाच बोलले. ती डोळे पुसत फोनमध्ये लिहून घेऊ लागली.